आम्ही म्हणजे कोण

सोमवार, ३

मास्तरांनी आज ही वही दिली. माझ्या अहवालातल्या एका शब्दाभोवती त्यांनी लाल पेन्सिलीने गोल काढला होता. ‘भामटे’. म्हणाले, “शब्द बरोबर असेलही. पण शिव्या गिऱ्हाइकाला स्वतःला येतात, त्यासाठी तो आपल्याकडे येत नाही. राग आला की इथे लिही.” वही कोरी नाही. पहिली चार पानं फाडलेली आहेत. माझ्याआधी या खुर्चीत जो कोण होता, त्याचा राग बहुतेक चार पानांचा असावा.

तर लिहितो. आज सहा वेबसाइट वाचल्या आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालंय. काम तसं सोपं आहे. कुणाला एखाद्या कंपनीशी व्यवहार करायचा असतो, पण ती कंपनी भेटते फक्त वेबसाइटवर. तो ती साइट आमच्याकडे पाठवतो. आम्ही ती वाचतो, उलटीपालटी करतो आणि दोन रकाने भरून देतो. भरवसा आणि ऐवज. भरवसा म्हणजे साइट सांगते ते खरं आहे का. ऐवज म्हणजे मुळात सांगण्यासारखं आत काही आहे का. दहापैकी गुण, खाली एक ओळ. रकाने मास्तरांनीच पाडलेत. ते तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणून ते मास्तर. शिकवलं कुणालाच नाही, चुका मात्र सगळ्यांच्या काढल्या.

त्यांचा पहिला नियम: साइट उघडली की आधी ‘आमच्याविषयी’ हे पान काढायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. आम्ही म्हणजे कोण? ‘आम्ही दर्जाशी तडजोड करत नाही.’ कोण तुम्ही? ‘आम्ही म्हणजे एक कुटुंबच.’ कुणाचं? निम्म्या साइट या एका प्रश्नातच आडव्या होतात.

वहिनी म्हणते, “वर्गात मास्तर नको म्हणून कॉलेज सोडलंत भाऊजी, आणि नोकरीत मास्तरच गाठलेत.” तिला काय जातं बोलायला. तिसऱ्या वर्षाला सरांनी भर वर्गात सांगितलं की माझा प्रोजेक्ट उचललेला आहे. नव्हता. मी तो त्यांच्यासमोर फाडला आणि बाहेर पडलो, तो आजतागायत. फाडल्यामुळे तो माझाच होता हे दाखवायची सोयही राहिली नाही, हे दादाने नंतर जेवताना लक्षात आणून दिलं.

बुधवार, ५

नवी फाइल. दीडटाळी एंटरटेनमेंट. रंगमंचावर खेळ करतात: जादू, मूकनाट्य, सावल्यांचे खेळ, मधे गाणी. एका सभागृहाच्या व्यवस्थापकाने पाठवली आहे. या लोकांनी त्याच्याकडे तीन महिन्यांचे सगळे शनिवार मागितलेत आणि त्याने यांचं नावही कधी ऐकलेलं नाही. चोवीस तारखेला त्याला उत्तर हवंय.

फाइल घेताना रजिस्टरवर सही करायची असते: ‘या कंपनीतील कोणाशीही माझा संबंध नाही.’ केली.

घरी नाव सांगितलं तर दादा वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणाला, “दीडशहाण्यांनी काढली असेल.”

गुरुवार, ६

सुई भेटली. म्हणजे मी भेटलो. तिचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना गुरुवारी लवकर सुटतो आणि मी फाटकापाशी योगायोगाने असतो. हा योगायोग आता दीड वर्षाचा झाला. कॉलेजात तिला सुई नाव पडलं ते ती शिवते म्हणूनही आणि टोचते म्हणूनही. मला तिने पाडलेलं नाव काडेपेटी.

“आज काय काम काढलंस इकडे, काडेपेटी?”

“चष्म्याच्या दुकानात आलो होतो.”

“तुला चष्मा कुठाय?”

“लागेल पुढेमागे.”

हसली. मग चालता चालता म्हणाली, “मी बहुतेक ही नोकरी सोडतेय. महिनाअखेरीला कारखान्याच्या नव्या करारावर सही करायची की नाही ते सांगायचंय. केली की दोन वर्षं हलायचं नाही. तिकडे खेळ करणारे लोक आहेत, कपड्यांचं सगळं काम माझ्याकडे देतायत. दीडटाळी नावाचे. आम्हाला आता फक्त हॉल हवाय, बाकी सगळं तयार आहे. हॉल नाही मिळाला तर मात्र मुकाट्याने सही.” थोडं थांबून म्हणाली, “एका मापाचे, एका निळ्या रंगाचे चार हजार शर्ट झाले माझे. आता असं काहीतरी शिवायचंय जे एकाच माणसाला बसेल.”

माझ्या जिभेला हाड नाही. म्हणालो, “तुमची फाइल माझ्याच टेबलावर आहे.”

ती थांबली. पिशवी या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली. “हे मला सांगायला नको होतंस.”

“का?”

“आता मी बोलले तर वशिला, आणि गप्प बसले तर तोही वशिलाच. मूर्ख आहेस.” मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. “नीट बघ, एवढंच. खोटं लिहू नकोस. आता घरी जा, पुढचं आपण बघू.”

आपण.

‘मी बघेन’ म्हणता आलं असतं, ‘तू बघ’ म्हणता आलं असतं. घरी येऊन वहिनीला सांगितलं. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. “भाऊजी, सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणतात ते मी आज डोळ्यांनी बघितलं. आणि तेही शिवणाऱ्या मुलीच्या सुतावरून.”

फाइल परत करायला हवी खरं तर. पण माझा संबंध तिच्याशी आहे, कंपनीशी नाही. सही कंपनीबद्दलची होती.

सोमवार, १०

दिवसभर दीडटाळी. मान धरली आहे.

भरवसा पार कोसळला. चार शहरांतल्या चार प्रयोगांचे फोटो आहेत. चारही फोटोंत तिसऱ्या रांगेत एक म्हातारा, नाकाला चिकटपट्टी. दोन फोटोंत पट्टी डावीकडे, दोनांत उजवीकडे. फोटो उलटे करून लावलेत. म्हणजे एकच खेळ, एकच प्रेक्षक. नाहीतर हा म्हातारा यांच्यामागे गावोगाव फिरतोय आणि त्याचं नाक काही बरं होत नाहीये. रसिकांच्या पाच प्रतिक्रिया आहेत आणि पाचही जणांचं ‘मन अगदी भरून आलं’. ‘चाळीस जणांचा ताफा’ म्हटलंय, चेहरे मोजले तर सहा.

आणि मग ‘पडद्यामागे’ नावाचं एक पान. कुठल्यातरी कोपऱ्यात, लहान अक्षरांत. त्यातलं थोडं इथे उतरवून घेतो:

‘अंक बदलताना दीड मिनिट मिळतं. तेवढ्यात बटण तुटलं तर दोरा ओवत बसू नये. ओवलेली सुई आधीच कॉलरच्या आत टोचून ठेवावी. आपण अंधारात शिवतो, बघणाऱ्याला ते उजेडात दिसतं.’

‘जादूगाराच्या कोटाला सोळा खिसे आहेत. पंधरा जादूसाठी. एक त्याच्या स्वतःच्या रुमालासाठी, कारण घाम खरा असतो.’

छापलं तर दहा-बारा पानं भरतील एवढं. मी सहा साइटचा दिवस सोडून हेच वाचत बसलो. लिहिणारा पन्नाशीचा, रंगमंचावर हाडं झिजवलेला माणूस असणार. ऐवज: आठ.

वहिनीला वाचून दाखवलं. म्हणाली, “कॉलरच्या आत सुई टोचून ठेवणारा पन्नाशीचा पुरुष मला एकदा दाखवा. तुमच्या दादांना शर्टाला कॉलर असते हेच मी सांगितलं.” तिचं सगळ्यातच असं असतं.

मास्तरांना एवढंच विचारलं की हे पान सगळीकडे ‘आपण’ म्हणतं आणि बाकीची साइट ‘आम्ही’ म्हणते, ते कसं? त्यांनी चष्मा पुसला. “आम्ही म्हणणारा दार आतून लावून बोलतो. आपण म्हणणारा दार उघडतो. म्हणून तर भामट्यांना ‘आपण’ फार आवडतं.”

“मग खरं ‘आपण’ ओळखायचं कसं?”

“ते बोलणाऱ्याच्या तोंडून सवयीने गेलेलं असतं. त्याचं लक्ष कामाकडे असतं, तुझ्याकडे नसतं. ते अंगाला लावून घ्यायचं नसतं.”

हे काही पटलं नाही. पण मास्तरांशी वाद घालायलाही अंगात जोर नव्हता.

गुरुवार, १३

डोकं फिरवून घेतलं आज.

सुई फाटकापाशी नव्हती. पहारेकरी म्हणाला, कँटीनमध्ये आहेत. टेबलं भिंतीला सरकवलेली, मधे एक पांढरा पडदा, आणि सुई जमिनीवर बसून एका कोटाचं अस्तर जोडत होती. तोंडात टाचण्या. शेजारी शिडीवर एक उंच, किडकिडीत माणूस दिवे बांधत होता. वायरमन असावा. तिशीचा वगैरे, सदरा एका बाजूने बाहेर आलेला.

मी सरळ विषयाला हात घातला. “साइट खोटी आहे तुमची. चार शहरं कुठली? म्हातारा एकच आहे.”

टाचण्या काढून ती म्हणाली, “ते माझे काका. त्या दिवशी पडले होते.”

“म्हणजे?”

“प्रयोग एकच झालाय, इथे, या कँटीनमध्ये. हॉलवाले विचारतात आधी कुठे केलंत. आधी केल्याशिवाय हॉल नाही आणि हॉलशिवाय आधी कुठे करणार? मग आम्हीच फोटो उलटेसुलटे करून लावले. चूकच आहे. मी तेव्हाही म्हणाले होते.”

“आणि चाळीस जण? चाळीस जण कुठायत? मोठं ‘आम्ही आम्ही’ लिहिलंय. आम्ही म्हणजे कोण?”

आवाज चढला असावा, कारण शिडीवरचा माणूस थांबला. सुई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “ओरडू नकोस. हातात कापड असलं की आवाजानेही टाका वाकडा जातो.” हे त्या ‘पडद्यामागे’मधलं वाक्य आहे, जवळजवळ जसंच्या तसं. तिने ते पान पाठच केलेलं दिसतंय. भाबडी आहे. असल्या लोकांच्या बोलण्यावर भुलते आणि त्यांच्या फोटोंचं पाप आपल्या अंगावर घेते.

घसा कोरडा पडला होता. वायरमनला म्हणालो, “जरा पाणी आणता का?” तो निमूट उतरला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. चांगला माणूस. सुईलाही न विचारता चहा आणून दिला, बिनसाखरेचा. ती बिनसाखरेचा पिते हे मला दीड वर्षात माहीत नव्हतं. निघताना त्याने विचारलं, “अजून काही खटकलं का साइटवर?” म्हटलं, “ते तुमच्या मालकाला सांगेन.” तो मान हलवून म्हणाला, “बरं.”

सुईला हसू आलं होतं. कशाचं ते कळलं नाही.

शनिवार, १५

ठरलं. तिला त्या चार हजार शर्टांत परत ढकलणारा मी नसेन. अहवाल लिहिला. भरवसा आठ, ऐवज आठ. फोटोंबद्दल ‘मांडणी आकर्षक’ असं लिहिलं. नवीन आयुष्य सुरू होईल तेव्हा तिला सांगेन, आत्ता नाही.

सोमवार, १७

मास्तरांनी अहवाल परत केला. लाल पेन्सिलीची एकही खूण नाही, हे जास्त वाईट.

“नाकाला पट्टी लावलेला म्हातारा तुला दिसला नाही?”

मी अहवालाची घडी घालायला लागलो.

“तुला?” एवढंच म्हणाले आणि दुसरी फाइल उघडली. मी टेबलाशी येऊन पेन्सिलीला टोक करत राहिलो, ते मोडलं. संतापाने, लाजेने, काय माहीत. अहवाल पुन्हा लिहायचा आहे. मुदत एक आठवडा.

मंगळवार, १८

सकाळी सुईचा निरोप: ‘रविवारी संध्याकाळी कँटीनमध्ये ये. आम्ही सगळ्यांना एकदमच सांगायचं ठरवलंय. नक्की ये.’

मी अंघोळीआधी तीनदा वाचला. राजीनाम्याचं सांगणार असणार. आणि नक्की ये, हे वेगळं. वहिनीला दाखवला. ती वाचत असताना तिचा चेहरा हळूहळू बदलला. आज थट्टा नाही केली.

“भाऊजी, तुमच्या ऑफिसात पहिला प्रश्न कुठला विचारतात?”

“आम्ही म्हणजे कोण.”

तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि गॅस बारीक करायला वळली.

मी तिथेच उभा. मग तिने पाठमोरीच विचारलं, “तो दिवे बांधणारा, त्याचं नाव काय?”

“विचारलं नाही.”

“हं,” म्हणाली. “बसा जरा.”

बसलो नाही. चप्पल घालून बाहेर पडलो आणि ऑफिसच्या विरुद्ध दिशेला बराच चाललो. बिनसाखरेचा चहा. ‘आम्हीच फोटो लावले.’ ‘आम्हाला हॉल हवाय.’ ‘आम्ही’ म्हणजे ती आणि तो. वायरमन समजून मालकाला मी पाणी आणायला लावलं आणि मालकालाच सांगितलं की मालकाला सांगेन. दिवसभर साइट वाचायच्या, त्याचा पगार घ्यायचा, आणि समोर बसलेल्या मुलीचं एक वाक्य वाचता येऊ नये. मला ठार अडाणी म्हणायला हवं.

बुधवार, १९

अहवाल लिहिला. या वेळी एकही शिवी नाही, एकही विशेषण नाही. चार फोटो, एक म्हातारा, उलटी पट्टी. पाच प्रतिक्रिया, एक वाक्य. चाळीस म्हणून सहा. प्रत्येक वाक्य खरं, प्रत्येकाला पुरावा जोडलेला. भरवसा: एक. ऐवज: दोन. ऐवजाच्या रकान्यात ‘विशेष काही नाही’. शेवटची ओळ: ‘या संस्थेवर एकही शनिवार खर्च करू नये.’

‘पडद्यामागे’चा उल्लेख केला नाही. तेवढंच.

लिहून झाल्यावर पेन्सिलीचं टोक शाबूत होतं.

गुरुवार, २०

मास्तरांनी अहवाल उभ्यानेच वाचला. खुर्चीत बसायलाही विसरले. “आता लिहायला शिकलास,” म्हणाले. या ऑफिसात हे वाक्य अजून कुणाला ऐकायला मिळालेलं नाही, शेजारच्या टेबलावरचा तर तोंड उघडं ठेवून बघत राहिला. “सोमवारी दुपारी पाठवू.”

मला वाटलं होतं बरं वाटेल. जेवणाचा डबा न उघडता घरी आणला. वहिनीने तो उघडला आणि भाजी परत पातेल्यात ओतली.

फाटकापाशी गेलो नाही.

रविवार, २३

त्यांचं लग्न ठरल्याचं ऐकायला कँटीनमध्ये आत्ता सगळे जमले असतील. मी घरात. दादा म्हणाला, “जाऊन ये, दहा मिनिटं उभा राहा आणि ये. न जाणं जास्त दिसतं.” त्याचं बरोबर असतं नेहमी, म्हणूनच ऐकवत नाही.

मनात एक घाणेरडी गोष्ट येते आणि जात नाही. मी त्या सरांना दोन वर्षं शिव्या घालतोय. पण त्यांनी निदान माझा प्रोजेक्ट पुरता न वाचता खोटा ठरवला होता. मी सगळं वाचून, वहीत उतरवून घेऊन, मग लिहिलं, ‘विशेष काही नाही’.

सोमवार, २४

नियम असा की अहवाल पाठवायच्या दिवशी साइट एकदा पुन्हा उघडून बघायची. कुणी बघत नाही, मास्तरसुद्धा दरवेळी बघत नाहीत. मी सवयीने उघडली.

फोटो नव्हते. चारही गेले होते. त्या जागी एकच, सरळ लावलेला, खाली ओळ: ‘आमचा आतापर्यंत एकच प्रयोग झाला, कारखान्याच्या कँटीनमध्ये. समोर बसलेले शेजारी आणि नातेवाईक आहेत.’ प्रतिक्रिया काढून टाकल्या होत्या. चाळीस जणांचा ताफा नाही. ‘आमच्याविषयी’ उघडलं. पान लहान होतं.

‘आम्ही म्हणजे सहा जण.’ पुढे सहा ओळी. प्रत्येकाचं नाव आणि तो काय काय करतो. दिवे, शिडी, हिशेब आणि पाणी आणणं, असं एका नावापुढे होतं. कपडे आणि ‘पडद्यामागे’चं लिखाण, असं दुसऱ्या नावापुढे.

तारीख शुक्रवारची होती. मी ओरडून आलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली, उत्तर जायच्या तीन दिवस आधीची. हॉलवाल्याने मधे साइट उघडली असती तर यांचाच घात होता. तरी बदलली.

अहवाल माझ्या समोर होता. प्रत्येक वाक्य खरं होतं, गेल्या गुरुवारपर्यंत. पाठवला असता तर कुणालाच कळलं नसतं. साइट तपासल्याच्या तारखेखाली माझी सही होती.

मास्तरांच्या टेबलाशी गेलो. सगळं सांगितलं. सुई, फाटक, मी तिला फाइलबद्दल बोललो ते, पहिला अहवाल का गोड होता, दुसरा का कडू होता, गाळलेलं पान. मधे एकदा आवाज फाटला. शेजारच्या टेबलावरच्याने उगाच खिडकी लावायला उठल्यासारखं केलं.

मास्तर ऐकत होते. मग त्यांनी खण उघडला आणि ‘पडद्यामागे’ची छापलेली पानं बाहेर काढली. कडेला लाल पेन्सिलीच्या बारीक खुणा, कोपरे मऊ पडलेले. त्यांना असलं लिखाण आवडतं, स्वतःसाठी काढून ठेवली असतील.

“हे त्या मुलीचं आहे ना?”

“आज कळलं.”

“मला तू मागे चहाच्या वेळी तिच्याबद्दल बोलायला लागलास तेव्हाच कळलं. तू तिची वाक्यं सांगतोस, आणि ती सगळी इथे आहेत.” पानं त्यांनी एकावर एक नीट लावली. “गुरुवारी मला वाटलं, आज सांगेल. मग वाटलं, शुक्रवारी सांगेल.”

“मग तुम्ही अहवाल चांगला आहे का म्हणालात?”

“चांगला होता. लिहिणं चांगलं होतं.” चष्मा काढून त्यांनी डोळे दाबले. फार म्हातारे दिसले. “फाइल दे इकडे. दीडटाळी मी बघतो. तू महिनाभर रकान्यांना हात लावायचा नाही. फोन घे.”

“नोकरी?”

“फोन घेणं नोकरीच आहे,” म्हणाले, आणि माझ्या सहीवर एक आडवी रेघ मारली.

बुधवार, २६

दिवसभर ‘नमस्कार, बोला’. पंचावन्न फोन. लोक साइटबद्दल विचारण्याआधी स्वतःबद्दल बोलतात, हे माहीत नव्हतं. एक बाई वीस मिनिटं बोलली आणि शेवटी म्हणाली, काही नाही, एवढंच.

मास्तरांचा अहवाल काल गेला, एक दिवस उशिराने. मला दाखवला नाही. शेजारच्या टेबलावरच्याने टाइप केला, त्याच्याकडून कळलं: भरवसा पाच, ऐवज आठ. खालची ओळ: ‘खोटं बोलले होते, विचारल्यावर दुरुस्त केलं. एक शनिवार देऊन बघावा.’

तीन महिने नाहीत. एक शनिवार.

गुरुवार, २७

आज सुट्टी घेतली होती, झोपायचं म्हणून. दुपारी फोन वाजला. सुई.

“जागा आहेस? कँटीनला ये. हात कमी पडतायत.”

कुठलंही कारण काढता आलं असतं. गेलो.

कँटीन कपड्यांनी भरलेलं. ती मशीनवर, मान वर न करता म्हणाली, “रविवारी आला नाहीस.”

“काम होतं.”

“रविवारी?”

“हो.”

तिने पाय थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “हॉलवाल्यांचं पत्र आलं. एक शनिवार दिलाय, परवाचा. आवडलं तर पुढचं बोलू म्हणालेत. अहवाल तू लिहिलास?”

“मास्तरांनी. माझ्याकडून काढून घेतला.”

“का?”

“मला झेपला नाही.”

यापुढे ती काही विचारेल म्हणून मी तयार होतो, खोटं बोलायलाही आणि खरं बोलायलाही. तिने विचारलं नाही. कापड पुढे सरकवलं. “मी करारावर सही नाही केली,” म्हणाली.

“एका शनिवारवर?”

“एका शनिवारवर. आई दोन दिवस बोलत नाहीये. त्यात तू असा भिंतीला टेकून उभा राहू नकोस, बस.”

“अभिनंदन,” मी म्हणालो. मला ते रविवारी म्हणायचं होतं. शब्द उशिरा आला तरी निघाला, एवढं खरं.

“हं,” ती म्हणाली, आणि मशीन सुरू करण्याआधी, “थँक्यू रे.”

तो उंच माणूस पलीकडे खाली बसून कोटाचे खिसे तपासत होता. माझ्यासाठी त्याने सरकून जागा केली. त्याचं नाव मला आता माहीत आहे, पण इथे लिहिण्याइतका मोठा मी अजून झालेलो नाही. म्हणाला, “शिवता येतं?”

“नाही.”

“मलाही नाही. म्हणून आपल्याला हे दिलंय.” त्याने माझ्याकडे शर्टांचा ढीग ढकलला. पक्की शिलाई झाली की आधीचे कच्चे टाके काढायचे असतात, ते काम. पांढरा दोरा ओढायचा, पण सावकाश. जोर केला की कापड सुरकुततं, कधी फाटतं, आणि दुसरं शिवायला वेळ नाही. त्याने एक काढून दाखवला. गाठीपाशी थांबायचं, नखाने सैल करायचं, मग ओढायचं.

पहिल्या शर्टाला मला अर्धा तास लागला. पाठ मोडून आली. मशीन चालू होतं, तो एकदा उठून सगळ्यांना पाणी देऊन आला. मी घेतलं आणि या वेळी त्याला बसा म्हणालो.

उजेड जायच्या आत माझे सात शर्ट झाले. एकही फाटला नाही. आठवा गाठीशी अडला होता, तो मांडीवर घेऊन बसलो.